फळ्याशी बोलणाऱ्या बाई

गणिताच्या बाई मुळात अबोल. वर्गाकडे पाठ करायची, खडू उचलायचा आणि फळा भरून टाकायचा. मधूनच पुटपुटायचं, "यातून हे वजा केलं की ते येतं." अर्धी नोकरी अशी सुखात गेली. मग पाचवीत भिंगरी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं आणि गप्प बसणं माहीत नव्हतं. पहिल्याच तासाला तिनं हात वर केला.

"बाई, हे म्हणजे कोण? आणि ते कुठून आलं?"

वर्ग खिदळला. बाईंनी वळून बघितलं, तर ते कुठून आलं याचा डोळसांपैकीही निम्म्यांना पत्ता नव्हता! इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून बाई जे लिहीत ते मोठ्यानं बोलू लागल्या. जे करत तेही. "आता फळा पुसतेय, धूळ तुझ्याकडे येतेय, नाक धर." तोंडाला असं वळण लागलं, की घरीही थांबेना. "आता दूध वर येतंय, आता उतू जातंय," असं सांगत त्या शेगडीपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा नवरा ओरडला, "अगं, दिसतंय मला! गॅस बंद कर आधी!" सासूबाई मात्र खूश. सुनेच्या मनातलं त्यांना आता घरबसल्या ऐकायला मिळत होतं.

हेडसरांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. "वर्ग आहे की बाजार? अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे ना, गावाच्या त्या टोकाला? तिकडे पाठवू तिला."

"एक तास बघा सर, मग ठरवा," बाई म्हणाल्या. हेडसर कबूल झाले. भिंगरीनं इथं राहायचं की जायचं, ते उद्याच्या तासावर ठरणार होतं. बाईंनी स्वतःला बजावलं, उद्या जिभेला लगाम. फक्त गणित.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांक रंगात आले होते. दार उघडलं आणि बाईंची जीभ सुटलीच.

"आता हेडसर आत आले. कोटाचं वरचं बटण खालच्या काजात. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मागच्या बाकाकडे निघालेत. अगं बाई, हे मी मोठ्यानं बोलले!"

"हेसुद्धा मोठ्यानंच बोललात," भिंगरी म्हणाली.

वर्ग हसत सुटला. मागे धप्पकन आवाज झाला.

"कोण पडलं?" भिंगरीनं विचारलं.

"पेंगुळ्या. झोपेत बाकावरून," तिची शेजारीण म्हणाली.

"परत?"

"शांत बसा!" हेडसर तावातावानं फळ्याकडे गेले. "गणित कसं शिकवतात ते मी दाखवतो." त्यांनी मुकाट्यानं दोन आकडे लिहिले. "हं. यातून हे वजा केलं, तर?"

"सर, हे म्हणजे कोण?" भिंगरी एकटी नव्हे, अख्खा वर्ग ओरडला.

हेडसरांनी खडू पहिल्या आकड्यावर टेकवला. घसा खाकरून म्हणाले, "तीन चतुर्थांश. त्यातून वजा एक अष्टमांश. आता छेद सारखे करतोय."

"सात अष्टमांश!" भिंगरीनं ठोकून दिलं.

"मिळवलंस! वजा म्हणालो ना मी? घाई नुसती! डोकं कुठं ठेवून आलीस?"

बाईंच्या जिवात जीव आला. हेडसर भिंगरीवर ओरडत होते, तेही इतर कुठल्याही कार्टीवर ओरडावं तसे, पोटतिडकीनं.

"पाच अष्टमांश," मागून पेंगुळ्या म्हणाला आणि स्वतःच दचकला.

घंटा झाली. हेडसरांनी बटण नीट लावलं, दारात थांबले.

"मुलगी इथंच राहील. पण बाई, माझ्या कपड्यांबद्दल वर्गात अवाक्षर नको. चेहऱ्याबद्दलही नको."

"मग इथं राहून मला काय कळणार?" भिंगरी उसळली. "बाई, सांगा ना, आता सर कसे दिसतायत?"

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

मग बाकीच्या सगळ्या वर्गानं तिला एका दमात सांगितलं.