धूर नसलेली गाडी

मी गणिताचा मास्तर. भूतखेत, भास, चकवा – कोणी असलं काही सांगायला लागलं की मी चष्मा पुसत बसायचो. आजही माझा विश्वास नाही. पण जे घडलं ते घडलं... त्याला मी तरी काय करू?

साठ-एकसष्टची गोष्ट. माघ महिना, सकाळचे दहा. बडनेऱ्याच्या पश्चिमेला, अकोल्याकडे जाणाऱ्या रुळांवर एक बिनफाटकाचं क्रॉसिंग होतं. माझी धाकटी बहीण कुसुम पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. सुईणीनं हात टेकले, म्हणून तिला बैलांच्या दमणीत घालून आम्ही अमरावतीच्या दवाखान्यात निघालो होतो. हाकायला तिचे सासरे आबाजी, शेजारी मी, आत कुसुम आणि तिची सासू.

आमच्याकडे रूळ ओलांडायची रीत सोपी. काळी सपाट जमीन, इंजिनाचा धूर कोसावरून दिसतो. दमणीवर उभं राहायचं आणि दोन्हीकडे धूर पाहायचा. आबाजींनी उभं राहून पाहिलं.

"धूर नाई तं गाडी नाई. चाला!" म्हणत त्यांनी बैलांच्या शेपट्या पिळल्या.

आणि समोर गाडी होती.

आली असं म्हणवत नाही – होती. पांढरी, लांबलचक, आणि इंजिनच नाही! टपावर एक लोखंडी हात, वरच्या तारेला टेकलेला. तिथे वर तार कुठली? काचा बंद, आत माणसं पेट्या घेऊन निवांत बसलेली. दारावर दिव्यांची अक्षरं सरकत होती. मास्तर ना मी, सवयीनं वाचली... 'पुढील स्थानक : विमानतळ'. आवाज जवळजवळ नाहीच, नुसता वारा. बैल मागे सरकले, आबाजींच्या हातून कासरा सुटला.

मग रूळ मोकळे. वरची तारही गायब.

"मास्तर, तुमाले दिसलं का?"

"दिसलं."

"मंग मी पागल नाई झालो."

आतून कुसुम कण्हली, "थांबले कावून? मले सोसत नाई आता..."

आबाजी कासरा उचलतात, तोच उजवीकडच्या बाभळींआडून मालगाडीचे तीन डबे आले. सुटे. ना इंजिन, ना शिटी, ना धूर! कुठून सुटले होते देव जाणे. बैलांच्या नाकासमोरून धडधडत गेले. थांबलो नसतो तर आम्ही पाचही जणं – हो, पाचवी अजून पोटात होती – तिथेच संपलो असतो.

दुपारी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. एरवी देवळात फक्त सावलीला बसणारे आबाजी दुसऱ्या दिवशी क्रॉसिंगवर नारळ फोडायला गेले. गँगमन ओरडला, "बुढेबा, येथं कोनता देव हाय?"

"गाडीले फोडून राह्यलो," आबाजी म्हणाले. "तुले काय करा लागते?"

अलीकडे त्याच भाचीनं मला एका मोठ्या शहरात विमानतळाच्या गाडीत बसवलं. विजेवरची, पांढरी. दारावर तीच सरकती अक्षरं. माझे डोळे भरले, हात जुळले. भाची कुजबुजली, "मामा, लोक पाहून राह्यले ना!" म्हटलं, पाहू दे.

ती गाडी तेव्हा, तिथे कशी आली? खूपदा मांडून पाहिलं. गणित सुटत नाही. आता सोडवतही नाही, नुसते आभार मानतो.

कुसुम तेव्हा दमणीच्या आत होती, तिनं गाडी पाहिलीच नाही. यंदा भाऊबीजेला मला ओवाळून झाल्यावर तिनं पाटाशेजारी आणखी एक दिवा लावला.

"हा कोणाले?" मी विचारलं.

"थ्या गाडीले," कुसुम म्हणाली. "भावासारखी आडवी आली माह्यासाठी."