रोज दोन पोळ्या, जेवणासोबत

बाथरूममध्ये पाय घसरून मी मनगट मोडून घेतलं, तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, एवढ्याशा पडण्यानं कुणाचं काही मोडत नाही." प्लास्टर घातलेल्या बाईला हे सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. हाडांची तपासणी झाली, ती ठिसूळ निघाली, आणि लेकीनं मला दुबईतल्या एका इराणी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

हाडं ठिसूळ झालेल्यांपैकी कुणाकुणाला मुळात गहूच सोसत नसतो, हा बाईंच्या अभ्यासाचा विषय. गव्हानं आतडं बिघडतं, मग दूध प्या की गोळ्या घ्या, हाडांपर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी रक्त तपासायचं होतं.

"गहू खाता ना, खानुम?" त्यांनी मला विचारलं. खानुम म्हणजे फारसीत बाईसाहेब.

माझ्याआधी लेक म्हणाली, "ऑफ कोर्स, डॉक्टर. रोज पोळी असतेच."

मी गप्प राहिले. शारजाच्या शाळेत ग्रंथपाल होते. जन्मभर मुलांना तेवढं एकच शिकवलं.

खरं म्हणजे हे गेल्यापासून मी पोळी खाल्ली नव्हती. आमच्या घरी पोळ्या हे करत. लग्नाआधी फुजैरात तेलाच्या टाक्यांवर नोकरीला असताना एकटे राहून शिकले होते, आणि त्यांची पोळी चंद्रासारखी गोल व्हायची. मी लाटली की ओमानचा नकाशा. कडेचा तुकडा तुटून वेगळा पडला की म्हणायचे, "वा! मुसंदमसकट आलाय." मुसंदम म्हणजे मूळ देशापासून तुटून पडलेला ओमानचा तुकडा. शेवटी पोळपाट त्यांनी कायमचा स्वतःकडे घेतला. "तू वाच," म्हणाले, "इकडं मी बघतो." लोक काशीला जाऊन आवडीची भाजी सोडून येतात. मी काही सोडायचं ठरवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातची पोळी घशाखाली उतरत नव्हती, इतकंच. लेक दिवसभर जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात, रात्री तिचं सॅलड. माझ्या ताटात नुसता भात आहे हे तिला कळणार कसं?

रक्त देऊन बाहेर आले तर शेजारच्या खोलीच्या दारातून एक तरुण डॉक्टर फारसीत काहीतरी म्हणाला. बसायला सांगत असावा म्हणून मी आत जाऊन बसले. त्यानं सुताराकडे असतं तसलं मापाचं हत्यार काढलं आणि माझं कपाळ, गाल, हनुवटी मोजली. नाकाशी जरा जास्त वेळ थांबला. हाडांच्या तपासणीत नाकही येत असेल, म्हणून मी श्वास रोखून बसले.

"लांबी रुंदीपेक्षा जास्त," तो आता इंग्रजीत म्हणाला, "पण प्रमाण सुंदर आहे. तुम्ही तेहरानच्या की शिराझच्या?"

"सांगलीची."

"ते कुठल्या प्रांतात येतं?"

इराणी लोकांच्या चेहऱ्यांची मापं तो गोळा करत होता. माझ्या घाऱ्या डोळ्यांनी त्याला फसवलं होतं. "सॉरी, खानुम," म्हणत त्यानं माझे सगळे आकडे खोडले.

"परदेशात येऊन माझं नाक कापलं गेलं," मी लेकीला म्हटलं. ती इतकी हसली की रिसेप्शनवरच्या बाईनं पाणी आणून दिलं. हेही हसले असते. तुझं नाक तुझ्याआधी घरात शिरतं, असं ते नेहमी म्हणत.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, अगदी स्वच्छ. डॉक्टरीणबाई खूश, लेक खूश. माझा मात्र चेहरा पडला. गहू वर्ज्य ठरला असता तर पोळी न खाण्याला कायमचं शास्त्रीय कारण मिळालं असतं. मग कुणी कधी विचारलं नसतं.

माझ्याकडे बघत बाई म्हणाल्या, "काल काय जेवलात?"

"दहीभात."

"परवा?"

"आमटीभात."

"आणि रोटी?"

"वर्ष होत आलं."

"आई! व्हॉट?" लेक खुर्चीतच वळली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खानुम, तुमच्या रक्तात आम्ही गव्हाविरुद्धची तक्रार शोधतोय. गहू पोटात गेलाच नाही तर तक्रार कोण करणार?" मग पेन उचलून त्यांनी औषधाच्या कागदावर लिहून दिलं: रोज दोन रोट्या, सहा आठवडे, मग पुन्हा रक्त.

"रिकाम्या पोटी की जेवणानंतर?" मी विचारलं.

बाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या.

गाडीत लेकीनं पट्टा लावला. मग म्हणाली, "बाबा गेल्यापासून?"

"हं."

"मला सांगायचंस तरी."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगणारच होते. तूच सांगून टाकलंस."

संध्याकाळी ती सुपरमार्केटमधून तयार पोळ्यांचं पाकीट घेऊन आली. "सेम टू सेम, आई. राउंड आहेत बघ." गोल होत्या खऱ्या. एक भाजली, तोंडाशी नेली आणि परत ठेवली. मग पोळपाट काढला. कणीक सैल झाली, नुकतं प्लास्टरमधून सुटलेलं मनगट दुखलं, लाटणं भलतीकडे पळालं. तव्यावर ओमान पडला. उलटताना त्याची कड तुटली.

लेक ओट्याशी उभी होती. "मुसंदम," ती म्हणाली, आणि तो तुकडा तिनंच उचलून खाल्ला. डोळे पुसत म्हणाली, "स्मोक, आई. चिमणी लाव." बाकीचा ओमान मी खाल्ला. औषध म्हणूनच, पण तूप लावून.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं. गहू निर्दोष सुटला. हाडं नुसती वयानं ठिसूळ झाली होती. त्यासाठी वेगळ्या गोळ्या मिळाल्या.

"खलास, आई," लेक म्हणाली. "आता जबरदस्ती नाही. भात तर भात."

मी तर घरी कणीक भिजवून आले होते.

"पण पोळ्या जमायला लागल्या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लांबी रुंदीपेक्षा जास्त," मी म्हटलं, "पण प्रमाण सुंदर आहे."