खातं हललं, वाल कोरडेच राहिले

वाडीत पोफळी आडव्या पडल्या होत्या, त्या ओलांडत मी दिवेआगर सोडलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईने दिलेली कडव्या वालांची पिशवी. वादळाने बागायत झोपवली होती, बाबा त्याच्या आधीच गेलेले, आणि मला खारघरला एका ऑफिसात नोकरी लागली होती. एसटीच्या खिडकीखाली उभी राहून आई म्हणाली, "पोचलीस की कळव. आणि वाल दोन दिवस आधी भिजत घाल गो, नाहीतर आयत्या वेळी बोंब मारशील." रडली नाही. म्हसळ्यापर्यंत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले.

मग आईने घराच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवायला आणि खानावळ चालवायला सुरुवात केली. तिच्या वालाच्या बिरड्यासाठी लोक पुण्याहून येतात. वाल रात्रभर भिजवायचे, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा. त्यामुळे तिचा नियम साधा. फोनवर 'येतो' म्हणणाऱ्याला ती हिंग लावून विचारत नाही. अॅडव्हान्स जमा झाल्याचा बँकेचा मेसेज वाजला की उठायचं आणि वाल पाण्यात टाकायचे. मेसेज म्हणजे माणूस येणार. बाकी सगळं वारा.

हा नियम मला माहीत होता. लहानपणापासून वाल सोलून माझी नखं हिरवी झालीत. तरी मी माती खाल्लीच.

खानावळीच्या नावाने तिचं श्रीवर्धनच्या एका बँकेत करंट अकाउंट होतं. पावसाळ्यात पाहुणा फिरकत नाही, खातं रिकामं पडतं, आणि बँक त्याचा दंड कापते. भर पावसात म्हातारीकडून दंड! मला त्या बँकेची शिसारी आली. इथे खारघरला माझ्या ऑफिसखाली नवी चकचकीत शाखा उघडली होती. तिथला टायवाला म्हणाला, "मॅडम, एकदम स्मूथ. आधी नवीन खातं उघडू, क्यूआर बदलू, मग जुनं बंद करू. तुमच्या मदरना काही त्रास नाही." मी कागद दिवेआगरला नेले आणि मी फुल्या मारलेल्या जागी आईने सह्या केल्या. मोबाईल नंबरच्या चौकोनात मी माझा नंबर लिहिला. कशाला तिला ओटीपीची कटकट, असं मनात म्हणाले. तुम्ही माझ्यासारखे गाव सोडून आलेले असाल तर हा शहाणपणा तुम्हालाही चढला असेल. गावाकडच्या माणसांचा त्रास वाचवायच्या नावाखाली आपण त्यांच्या हातातली पळी काढून घेतो.

आई एकटी श्रीवर्धनला गेली, उरलेलं चेकबुक परत केलं, जुनं खातं बंद केलं. खरंच स्मूथ झालं. मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते.

पुढच्या गुरुवारी मीटिंगमध्ये माझा फोन वाजला. आईच्या खात्यात अॅडव्हान्स जमा. मी बघितलं, 'वा, चाललंय धंदा' म्हणाले आणि फोन पालथा घातला.

शनिवारी दुपारी आईच्या दारात नऊ माणसं उभी. बिरडं, मोदक, सगळं फोनवर ठरवलेलं, पैसे भरलेले. आणि चुलीवर आईच्या एकटीपुरता भात. वाल डब्यात खडखडीत कोरडे. शेजारच्या मालतीकाकू धावल्या, दोघींनी डाळभात आणि बटाट्याची भाजी उभी केली. पाहुण्यांतला एक जण ताटावरून उठता उठता म्हणाला, "पैसे घ्यायचे आणि फसवायचं, हेच चालतं कोकणात." पंगतीत कुणाला वाढायला कधी चुकली नव्हती माझी आई. तिला फसवी म्हणाला तो. आईने जेवणाचा एक पैसाही घेतला नाही.

रात्री तिचा फोन आला. "अगो, पैसे आले ते तुला कळलं, मग मला कोण सांगणार?"

मला माझीच किळस आली. अजून येते.

नंबर बदलायला गेले तर टायवाला म्हणाला, खातेदाराला होम ब्रांचला स्वतः यावं लागेल. होम ब्रांच! बाईचा जन्म दिवेआगरात गेला आणि यांच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं होम खारघर. ती आली. माणगावपर्यंत दोनदा उलटी, पनवेलला उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक. टायवाला तिला लहान मुलीसारखं समजावायला लागला, "आजी, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही हं."

"पोरीलाही नाही ना?" आई म्हणाली. "मग फॉर्मावर तिचा नंबर घेतलात तेव्हा काय झोपला होतात?"

त्याने नंबर बदलायचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. मी खाली बघत राहिले, कारण त्यातला निम्मा टोला माझाच होता.

आता माझा फोन गप्प असतो. तिच्याकडे कोण येणार, किती येणार, मला काही कळत नाही. आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की त्या मेसेजांवरच मी 'घराशी जोडलेली आहे' अशी फुशारकी मारत होते. गावी मात्र वर्षातून दोनदा जायचे, तेही न कळवता, आणि वर म्हणायचे, आई, बिरडं नाही केलंस?

परवा मी आईच्या नव्या खात्यात अॅडव्हान्स भरला. इतर पाहुणे भरतात तेवढाच. पाच मिनिटांत तिचा फोन.

"मेले, घरी यायला पैसे भरतेस? लाज नाही वाटत?"

वाटते, म्हटलं.

मग मागे पितळी डब्याचं झाकण वाजलं, आणि पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज आला.

"घातले हो भिजत," ती म्हणाली. "सोलायला मात्र तू बसायचंस."