खारूताईची साक्ष

तिला खऱ्या नावानं हाक मारणारे तिघंच. बँकेतला कारकून, दवाखान्यातली नर्स आणि रागावलेला नवरा. बाकी सगळ्या गावाला ती खारूताई.

एका परदेशी कार्टूनमधल्या भोचक खारीला तिनं वीसेक वर्षं आवाज दिला होता. मूळ कार्टूनमधली खार फांदीवरून घसरली की नुसती किंचाळायची. हिला ते फार अळणी वाटलं. पहिल्याच दिवशी माइकसमोर हिनं आपल्या मनानं ठोकून दिलं, "झाली का पंचाईत!" काचेपलीकडे डबिंगचा दिग्दर्शक पोट धरधरून हसला आणि ते वाक्य कायमचं राहिलं. पुढं पुढं सायकलवरून पडलेली पोरं आधी "झाली का पंचाईत!" म्हणायची आणि मग भोकाड पसरायची.

स्टुडिओ म्हणजे छापखान्यामागची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. छपाईचं यंत्र धडधडू लागलं की रेकॉर्डिंग थांबायचं आणि सगळे चहा घ्यायचे. पण त्या खोलीतून निघालेला आवाज घराघरांत जायचा. खारूताईची भाषा बोलणारा मुलूख तो केवढा, तळहाताएवढा! त्यातल्या एका पिढीनं गंमत कशी करायची, रुसायचं कसं, टोमणा कसा मारायचा, हे थोडंफार त्या खारीकडूनच उचललं होतं.

मग टीव्ही मागं पडला. जो तो फोनवर नाहीतर टॅबलेटवर बघू लागला. एका मोठ्या परदेशी कंपनीनं ते कार्टून आपल्या ॲपवर घेतलं. जुन्या भागांना खारूताईचा आवाज होता, नाही असं नाही. पण तो माळ्यावर टाकलेल्या मोडक्या खाटेसारखा. शोधायला बसलात तर सापडेल, एरवी कुणाच्या दृष्टीला पडायचा नाही. ॲप उघडलं की खार आपली परदेशी भाषेत सुरू.

एक दिवस दिग्दर्शकाचा फोन आला. "ताई, नवे भाग आपल्या भाषेत करायचे नाहीत म्हणतायत. बघणारेच नाहीत म्हणे."

"बघणारे कसे असतील? दाखवताय कुठं?" ती म्हणाली.

"मला नका रागावू, ताई. माझंही दुकान बंदच झालंय."

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. हातातलं तेलाचं फडकं बाजूला ठेवून तो म्हणाला, "चला, आता घरात जरा शांतता नांदेल." पण ती हसली नाही. तेव्हा तो उठला, न सांगता चहा केला आणि तिच्यासमोर ठेवून पुन्हा मशीनकडे वळला.

तरी तेव्हा ती गप्प बसली. आपलं वय झालं, जमाना बदलला, अशी मनाची समजूत घातली. तिला उठवलं ते नातीनं.

मुलगी आणि जावई दोघं नोकरीला, त्यामुळे चार वर्षांची नात टॅबलेटसमोरच वाढत होती. त्या दिवशी पोरीला ताप होता म्हणून खारूताई मुलीकडे थांबली होती. दुपारी पोर रडत उठली आणि काहीतरी बोलू लागली. पुन्हा पुन्हा तेच, परदेशी भाषेत, अगदी कार्टूनच्या हेलात. खारूताईला ओ की ठो कळेना. पाणी दिलं, पोरीनं ढकलून दिलं. पांघरूण घातलं, तर लाथेनं उडवलं.

"अगं बाळा, आपल्या भाषेत सांग ना आजीला!"

पोर अजूनच रडू लागली. शेवटी खारूताईनं मुलीला फोन लावला आणि तो पोरीच्या तोंडाशी धरला. पलीकडून मुलगी म्हणाली, "आई, कान दुखतोय तिचा. कान म्हणतेय ती."

डॉक्टरांनी औषध दिलं आणि कान दोन दिवसांत बरा झाला. खारूताईच्या मनातलं मात्र जाईना. देशभरच्या पोरांशी आपण बोललो आणि घरच्या लेकराचं दुखणं आपल्याला कळलं नाही! तिनं मुलीला बोल लावला नाही. मुलगी आधीच ओशाळली होती. "मी काय करू, आई? आपल्या भाषेतलं तिला दाखवायचं म्हटलं तर ते मिळेपर्यंत माझा बसचा टाइम होतो," एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात खारूताई डबिंग कलाकारांच्या संघटनेच्या बैठकीला गेली. तिथं एक वकीलबाई आल्या होत्या. सरकार नवा कायदा करायच्या विचारात होतं: ॲपवाल्या कंपन्यांनी इथल्या भाषेतलं काम पहिल्या पानावर दाखवायचं आणि मुलांचे काही कार्यक्रम या भाषेत करायचे. कंपन्यांचं म्हणणं, हा व्यापारात अडथळा आहे.

"मग त्यांचंच खरं होणार," खारूताई म्हणाली. "हत्तीपुढं मुंगीचं काय चालतंय?"

"मुंग्यांनी एकत्र बसून आधीच एक करार करून ठेवलाय, ताई," वकीलबाई म्हणाल्या. "पुष्कळ देशांनी मिळून. आपली गाणी, गोष्टी, भाषा यांना जपायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, ही काही नुसती विकायची वस्तू नव्हे, असं त्यात लिहिलंय. आपल्याही देशाची सही आहे. ॲप आणि इंटरनेट आलं तरी तो हक्क तसाच राहतो, हेही पुढं सगळ्यांनी मान्य केलंय. पण कागदावरचा हक्क आपणहून चालत येत नाही. कुणालातरी जाऊन तो मागावा लागतो. या कायद्यासाठी नेमलेल्या समितीपुढं बोलाल?"

खारूताई हो म्हणून बसली आणि मग आठवडाभर भाषण लिहीत आणि खोडत राहिली.

समितीची खोली थंडगार, टेबल लांबलचक. कंपनीतर्फे एक तरुण बाई आली होती, कडक इस्त्रीची. खारूताई बोलायला उठली. समोर माइक. माइक दिसला की इतक्या वर्षांची सवय! तोंडातून आवाज निघाला तो तिचा नव्हेच, खारीचा. "नमस्कार मंडळी!"

सगळी खोली हसली. ती लाजेनं लालबुंद झाली. कागदावर लिहून आणलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. मग तिनं आपल्या साध्या, जरा घोगऱ्या आवाजात नातीच्या कानाची हकीकत सांगितली आणि म्हणाली, "पोरांनी परदेशी भाषा शिकावी की, कोण नको म्हणतंय? पण दुखलं-खुपलं तर ते घरात सांगता यावं, एवढं बघा." आणि खाली बसली.

कंपनीच्या बाईनं आपली बाजू नीट मांडली. खर्च, प्रेक्षकांचे आकडे, व्यापाराचे करार. त्यात खोटं काही नव्हतं. वकीलबाईंनी उत्तर दिलं: व्यापाराचा करार पाळायचाच, पण त्यापायी हा दुसरा करार खुंटीला टांगून ठेवता येत नाही. बराच वेळ खल झाला. त्यातलं निम्मं खारूताईच्या डोक्यावरून गेलं.

बाहेर पडताना ती कंपनीवाली बाई जिन्यात भेटली. थबकली. "मावशी, लहानपणी माझी आई उशिरा घरी यायची," ती म्हणाली. "तुमच्या खारीसोबत मी तिची वाट बघायचे. आज मला जे बोलावं लागलं, ती माझी नोकरी आहे."

"कळतंय गं," खारूताई म्हणाली. "छान बोललीस. शब्द स्पष्ट आहेत तुझे."

कायदा झाला. मुलांच्या कार्यक्रमांच्या कलमात "शक्यतो" हा शब्द घुसला. वकीलबाई त्यावर फार चिडल्या. पण पहिल्या पानाची अट पक्की राहिली. जुने भाग वर आले, लोक बघू लागले. बघणारे आहेत म्हटल्यावर कंपनीनं नवे भागही करायला घेतले.

खारूताईला आवाजाच्या चाचणीला बोलावलं. तिनं म्हणून दाखवलं. दिग्दर्शक मान खाली घालून बसला. खारीचा चटपटीतपणा आता त्या आवाजाला झेपत नव्हता, आणि हे तिच्या कानांना त्याच्या आधी कळलं होतं. काम एका तरुण मुलीला मिळालं. खारूताई घरी आली, नवऱ्यावर विनाकारण खेकसली आणि पोटभर रडली.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकानं तिलाच संवाद लिहायला आणि नव्या मुलीला शिकवायला बोलावलं. जावं की नाही, असा दोन दिवस घोळ घालून ती गेली. मुलगी हुशार होती, पण खारूताईची हुबेहूब नक्कल करत होती.

खारूताईनं काचेवर टकटक केली. "माझी नक्कल नको. तू पडलीस की काय म्हणतेस गं?"

मुलगी घुटमळली. "मी... 'गेला तोल!' म्हणते."

"मग तेच म्हण."