डब्यावरची बारीक अक्षरं

मेडिकलच्या काउंटरमागे थोरलीची चौदा वर्षं गेली. कुणा बाईने गोळी मागितली की स्ट्रिप कापायच्या आधी ती हळूच विचारायची, "दिवसबिवस गेले नाहीत ना?" "अगं बाई, डोकेदुखीचीच तर गोळी!" म्हणत बाया हसायच्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरोदर बाईच्या हातावर तिने साधी पेनकिलरसुद्धा कधी ठेवली नाही.

तिची स्वतःची कूस मात्र उजवली नाही. आणि धाकट्या जावेला लग्नाच्या सहाव्या महिन्यातच दिवस राहिले.

मग काय, खिडकीजवळची खुर्ची धाकटीची, दुधावरची साय धाकटीची. ज्या सासूबाईंनी थोरलीला कधी ‘दमलीस का’ म्हणून विचारलं नव्हतं, त्या धाकटीच्या पाठीशी उशी सारखी करायच्या. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

अशात धाकटीच्या मैत्रिणीने शक्तीच्या पावडरीचा डबा आणून दिला. "बाळ कसं गुटगुटीत होईल!" सासूबाई खूश. सवयीने थोरलीने डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. व्हिटॅमिन ए, भरपूर. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतही ते होतंच. सुरुवातीच्या महिन्यांत ते अति झालं तर बाळाला धोका, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने डबा जागेवर ठेवला. बोललं तर घरचे ‘जळते’ म्हणणार, हेही ठाऊक होतं. त्यात त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. दोन दिवस ती गप्प बसली. धाकटीच्या पेल्यातला चमच्याचा आवाज तिला दुकानातही ऐकू यायचा. तिसऱ्या सकाळी तिने देवापुढे हात जोडले. "जीभ माझी कडू आहे, देवा. शब्द तू दे."

उठली आणि तडक जाऊन तिने धाकटीचा पेलाच धरला. "हे पिऊ नकोस."

"झालं सुरू!" सासूबाई कडाडल्या. "बघवत नाही का गं तुला?"

"नाही बघवत. जळते मी," थोरली म्हणाली. "पण बाळाशी माझं वैर नाही. हा डबा आणि तुझ्या गोळ्या घे, डॉक्टरांकडे चल. ते पी म्हणाले, तर रोज मी ढवळून देईन."

धाकटीने पेला सोडला. मग चपला शोधू लागली.

डॉक्टरांनी पावडर तिथल्या तिथे बंद केली. "वेळेवर आणलंत," म्हणाले.

परतताना धाकटीने विचारलं, "ताई, अजून जळता?"

"जळते की."

घरी सासूबाईंनी पुन्हा धाकटीचीच उशी सारखी केली. थोरलीचा पुन्हा जळफळाट झालाच. पण त्या दिवसापासून धाकटी सर्दीची गोळीसुद्धा तिला दाखवल्याशिवाय तोंडात टाकेना.