आत्याचा काढा

आमची आत्या लोकांचे जुने कोट उसवून नव्याने बेतून द्यायची. कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा तिला मशीनसमोर बसवेना. डॉक्टरीणबाईंनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पण काकांनी, तिच्या थोरल्या भावाने, त्या कपाटात कुलूपबंद केल्या. "नशेची सवय लागेल," असं म्हणून ते ओळखीच्या कुणाकडून तरी एक हिरवा काढा आणायला लागले. फुलदाणीतल्या कुजलेल्या पाण्यासारखा त्याला वास यायचा. आत्या तो प्यायची आणि भडाभडा ओकायची. काका समाधानाने म्हणायचे, "विष बाहेर पडतंय." तस्त मी उचलायचे. मला त्या वासापेक्षा त्या समाधानाची किळस यायची.

शेवटी आत्याने काकांना घेऊनच दवाखाना गाठला आणि विचारलं, "या काढ्याने कुणाला बरं वाटतं, हे कुणी तपासलंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या मात्र पुष्कळ रुग्णांवर तपासल्यात. सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर व्यसनाची भीती फार कमी. गोळ्यांनी पोट साफ होणार नाही, त्यावरही औषध देते."

"पण काढ्याने आशा तरी राहते!" काका उसळले.

"दादा, तुझी आशा मी रोज ओकतेय रे."

घरी येताच काकांनी कपाटाची किल्ली दिली. आत्या पुन्हा झोपू लागली, अधूनमधून बाह्याही शिवू लागली. थंडीत ती गेली, पण कण्हत नाही गेली.

काकांनी उरलेल्या बाटल्या शेजारच्या आजारी बाईला नेऊन दिल्या. "आमची बहीण यावरच तगली," म्हणाले. मी ताबडतोब जाऊन त्या परत आणल्या आणि मोरीत ओतल्या.