ऐकायचं इथं, घ्यायचं तिथं

खिशात रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला, माल समोर मांडलेला असताना, ‘तुम्हाले देत नाई’ असं सांगणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. ते माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. सबंध बुलढाणा जिल्ह्यात रेडिओवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा आणि रेडिओ विकण्यात त्यांच्याइतका नालायक माणूस दुसरा नसेल. चिखलीच्या बाजारात त्यांचं रेडिओचं दुकान आहे. मुंबईच्या एका बड्या कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे आहे आणि येत्या दिवाळीनंतर ती राहणार नाही, असं कंपनीनं कळवलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

हा रेडिओ साधासुधा नव्हे. पॉलिश केलेली लाकडी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं आणि मधोमध एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की डोळा हळूहळू मिटत येतो. मावसाजी त्या क्षणी स्वतःचेही डोळे मिटतात. नागपूरचे बाजारभाव चालू असले तरी मिटतात. सरकीच्या भावाला मान डोलावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रेडिओ देण्याआधी ते घर बघायला जातात. मुलगी द्यायची असावी तसे जातात. धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी, सायकलच्या दांडीला तारेचं भेंडोळं. गेल्यावर प्रश्न सुरू. “ठेवसान कुठी? चुलीचा धूर येते का इकडे? ऐकाले कोण कोण बसते? म्हातारीले ऐकू येते का?” एका मोठ्या जमीनदारांनी सांगितलं की रेडिओ दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात राहील, वर जरीचा रुमाल राहील, आणि मुलीच्या लग्नात बाहेर काढू. मावसाजींनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, “मंग कपाटच आहे तुमच्यापाशी. रेडिओ काहाले पाह्यजे?” सायकल काढून परत आले. मावशी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

त्याच महिन्यात अमडापूरच्या बौद्धवाड्यातली माणसं आली. सगळ्या वाड्यानं मिळून एक रेडिओ घ्यायचा होता. विहारासमोरच्या ओट्यावर ठेवणार होते, लहानथोर सगळे बसणार होते. त्यांना मावसाजींनी दुकानातला, स्वतःच्या हातानं महिनोन्‌महिने वाजवून पाहिलेला संच दिला. दोन बांबू उभे करून वर एरियलची तांब्याची तार ताणली, खाली ओल्या जमिनीत खिळा ठोकून दुसरी तार नेली आणि तिथल्या आजीबाईला बजावलं, “माय, उन्हाळ्यात इथं रोज एक तांब्या पाणी घालत जा. झाड नाई उगवनार, पन आवाज उगवते.” जेवूनच परतले. दुसऱ्या दिवशी शेजारचा कापडवाला सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “काय शेटजी, काल पाहुणचार झाला म्हनते तिकडे.” मावसाजी म्हणाले, “हाव. चहात साखर जास्त झाली होती. बाकी झकास.” मला ते उत्तर आजही माझ्या सगळ्या लेखांपेक्षा बरं वाटतं.

मग लाल पाट्या आल्या. अकोल्याच्या एका धनवंतानं गावोगावी एकसारखी दुकानं उघडली, सगळ्यांवर एकसारखी लाल पाटी, आणि पाटीवर एकच शब्द ठळक: सवलत. कापड, भांडी, घड्याळं, सगळं बाजारापेक्षा स्वस्त. आमच्या चिखलीतही शाखा निघाली, आणि वर्षाच्या आत मावसाजींच्याच कंपनीचा, तोच हिरव्या डोळ्याचा रेडिओ तिथे सवलतीत मिळू लागला. कंपनीनं मावसाजींना विचारलं नाही, कळवलंही नाही.

इथे माझा भाग येतो, आणि तो मी लपवणार नाही. माझ्या घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले, मी बाराखडीसुद्धा ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ पासून शिकलो. महागडी वस्तू कष्टकऱ्याच्या घरात स्वस्तात जाते आहे, एवढं कळताच मी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. ‘महाग रेडिओ म्हणजे गरिबाच्या कानावर बसवलेला पहारा’ असं त्यात एक वाक्य होतं. ते लाल पाटीच्या व्यवस्थापकाला फार आवडलं. “कागद आमचा, विचार तुमचा,” तो म्हणाला. मी खूश झालो. विचार माझा असल्यावर कागद कोणाचा आहे हे कोण बघतो? बाजाराच्या दिवशी पत्रक वाटलं गेलं. एक मावसाजींनाही मिळालं. त्यांनी ते चष्मा लावून, उभ्यानं, दोनदा वाचलं. मी समोरच होतो. “लिहिलं बराबर आहे,” ते म्हणाले. “एरियलचं लिहाचं राह्यलं.”

ते का म्हणाले, ते पुढच्या महिन्यात कळलं. लाल पाटीच्या दुकानात रेडिओ खोक्यातून बाहेर काढून दाखवत नाहीत. पैसे द्या, खोकं घ्या, चला. म्हणून लोक आधी मावसाजींकडे येऊ लागले. येऊन बसत, नागपूर ऐकत, सिलोन ऐकत, कोणतं बटण कशाचं ते समजून घेत, चहा पीत, आणि “घरी विचारून येतो” म्हणून उठत. एक गुरुजी सलग तीन दिवस आले. लाकूड ठोकून पाहिलं, पेटीमागचा पुठ्ठा काढून आतले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, पाहिले, संचाचा नंबर पंचांगाच्या कडेला लिहून घेतला. चौथ्या दिवशी त्यांची बैलांची दमणी दुकानावरून गेली, आणि आतल्या खोक्यावर घोंगडी पांघरलेली. मी उठून उभा राहिलो. माझ्या तोंडाशी काय काय आलं ते इथे छापता येणार नाही. मावसाजी वाकून बघत म्हणाले, “घोंगडी टाकली, हे बरं केलं. आतल्या दिव्याले धक्का लागत नाई.”

आठ दिवसांनी तेच गुरुजी दारात. रेडिओ नुसता खरखरतो म्हणाले. लाल पाटीवाले म्हणतात, तार लावणं आमचं काम नाही. मावशी दुकानामागच्या स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि गुरुजींना ऐकू जावं म्हणूनच म्हणाली, “ऐकाचं इथं, घ्याचं तिथं, अन् दुखलं का पुन्हा इथं. हे दुकान आहे का धर्मशाळा?” मावसाजी तोवर सायकलला बांबू बांधत होते.

“काऊन जाता तुम्ही?” मी विचारलं. “त्यानं घेतला दुसरीकडून.”

“रेडिओ दुसरीकडचा नाई ना बे. आपल्याच कंपनीचा आहे. खरखरला तं नाव कोनाचं जाईन?”

असे ते वर्षभर फिरले. लोणारपर्यंत एस. टी.नं गेले, छतावर बांबू टाकून. मजुरी मागायचं सुचायचं नाही, द्यायचं लोकांना सुचायचं नाही. माझ्या पत्रकानं स्वस्त केलेला प्रत्येक रेडिओ या माणसानं बोलका केला, आणि स्वतःच्या दुकानात मात्र गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर एकही संच विकला नाही.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा साहेब मुंबईहून आला. पांढरे बूट, हातात कातडी पिशवी. त्यानं विचारलं, “वर्षभरात तुम्ही विकलंत काय?” मावसाजींनी एक वही पुढे केली. वहीत गावांची नावं होती, प्रत्येकापुढे तारेची लांबी आणि दिशा. “हे पाहा. अमडापूर, मेहकर, लोणार. इतके सारे वाजून राह्यले.” साहेबानं वही उघडून न बघताच परत दिली. “वाजतात ते ठीक आहे. कंपनी विक्री बघते.” मग पत्र आलं, इंग्रजीत, ते मीच वाचून दाखवलं. दिवाळीनंतर या भागाची एजन्सी लाल पाटीकडे जाणार, आणि दुकानात मांडलेला नमुन्याचा संच परत करायचा. मावसाजींच्या घरी रेडिओ नाही. कधीच नव्हता, दुकानातलाच त्यांचा. मी संतापून चार पानी उत्तर लिहिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढं वाचाले त्याइले वेळ कुठी असते?” मग बटण फिरवून हिरवा डोळा नीट मिटवला. “एकच वाटते. दुकान गेलं तं लोकं ऐकाले कुठी जातीन? न ऐकताच घेतीन बिचारे.”

मावशीनं परवा पाटल्या विकायला काढल्या. मावसाजींना अजून माहीत नाही.

रेडिओ स्वस्त व्हायलाच पाहिजे, त्या पत्रकातलं हे म्हणणं मी मागे घेत नाही. पण स्वस्ताई आकाशातून पडत नाही, तिची तूट कोणीतरी भरतो, एवढं मला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या गावात ती माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातून भरली गेली, आणि त्या कागदाखाली माझं नाव होतं.

म्हणून वाचकहो, एक काम करा. तुमच्या घरी हिरव्या डोळ्याचा रेडिओ असेल, तो कोणत्याही दुकानातून घेतलेला असो, आणि छपरावर त्याची तार एका काळ्या कोटातल्या, कमी बोलणाऱ्या माणसानं ताणली असेल, तर एक पोस्टकार्ड घ्या. कंपनीचा पत्ता रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर छापलेला आहे. माझ्यासारखं तिखट लिहू नका. मावसाजींना आवडणार नाही. गावाचं नाव लिहा, आवाज स्वच्छ येतो असं लिहा, आणि तार कोणी बांधली ते लिहा. दिवाळीच्या आत टाका.